गाळ, गोटे आणि गरम पाणी

चोपड्याहून पूर्वेला अडावदकडे सायकल काढली, की डांबराखालची खडी सोडली तर पहिले पंधरा-वीस किलोमीटर हाताला दगड लागत नाही. कुत्रं मागे लागलं तर ढेकूळ उचलावं लागतं आणि ते फेकायच्या आधीच मुठीत फुटतं. अडावदला उत्तरेकडे वळलं की पाच-सहा किलोमीटरांत जमिनीचा नूर पालटतो. शेताच्या बांधावर गोल गोट्यांच्या राशी दिसू लागतात. पिढ्यानपिढ्या वेचूनही नांगराला नवे गोटे लागतच असतात. आणखी थोडं पुढे सातपुड्याचा काळा कातळ सुरू होतो आणि त्याच्या फटीतून उनपदेवला बारा महिने कढत पाणी बाहेर पडतं.

आधी गाळ, मग गोटे, मग कातळ. चोपडा तालुक्याचा भूगोल या तीन पट्ट्यांत मांडता येतो. कुणाच्या केळीला पाणी पुरणार, कुणाचं घर मातीचं असणार, कुठला पक्षी कुठे राहणार, हे बरंचसं या पट्ट्यांनीच ठरवलेलं आहे. ते एका दिवसात पाहायचं तर सायकलसारखं वाहन नाही. येऊन-जाऊन पन्नासच्या आसपास किलोमीटर होतात, म्हणजे रोज सायकल न चालवणाऱ्यालाही झेपतील इतके.

सायकलच का, याला भावुक कारण द्यायची गरज नाही; साधं गणित आहे. सपाट रस्त्यावर ताशी पंधरा किलोमीटरने जाताना सायकलस्वाराला टायरचं घर्षण आणि समोरचा वारा एवढ्याशीच झुंजायचं असतं. सायकल आणि स्वार मिळून नव्वद किलो धरा. आता रस्ता शंभर मीटरला फक्त एक मीटर चढू लागला, तरी तोच वेग राखायला जवळपास पाऊणपट जास्त जोर लागतो. डोळ्यांना हा चढ दिसत नाही, मोटारीच्या इंजिनाला जाणवत नाही, मांड्यांना मात्र लगेच कळतो. अडावदहून डोंगराकडे निघालेल्या नवख्याला आधी वाटतं, मागच्या चाकात हवा कमी झाली. तो उतरून टायर दाबून पाहतो. हवा बरोबर असते. गाळाचा पट्टा संपून गोट्यांचा सुरू झालेला असतो, इतकंच.

दिवस निवडायचा तो दिवाळीनंतरचा, फार तर महाशिवरात्रीपर्यंतचा. उन्हाळ्यात खानदेशात पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा हा उद्योग करू नये. थंडीतही सहाला निघावं, कारण बऱ्हाणपूर-अंकलेश्वर हा महामार्ग नावाला महामार्ग आणि रुंदीला बेताचा आहे. उजाडल्यावर त्यावर केळीचे ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. सोबत जास्तीची ट्यूब, हातपंप आणि पाणी हवं. दगड नसलेल्या या मुलखात बाभळीचे काटे मुबलक आहेत.

गाळापासून सुरुवात करू. रत्नावतीच्या काठचं चोपडा शहर तापीच्या उत्तरेला आहे. नदी आणि सातपुडा यांच्यामधली ही सगळी पट्टी, चोपड्यापासून यावल, फैजपूर, रावेरपर्यंत, तापी आणि तिच्या उपनद्यांनी आणून टाकलेल्या गाळाची आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग म्हणजे कातळावर पसरलेला मातीचा पातळ थर. विहीर खणली की चार-सहा पुरुषांवर दगड लागतो. इथे तसं नाही. सातपुडा आणि दक्षिणेचा सातमाळा-अजिंठा डोंगर यांच्यामधली जमीन भेगांच्या रेषांवरून खचत गेली आणि नदी ती खाच भरत गेली. मुलताईला उगम पावून सुरतेजवळ समुद्राला मिळणारी ७२४ किलोमीटरची तापी देशातल्या बहुतेक मोठ्या नद्यांच्या उलट, पश्चिमेला वाहते, तीही या खचलेल्या खाचेमुळेच. जळगाव जिल्ह्यात काही ठिकाणी हा गाळ तीनशे मीटरपेक्षा जास्त खोल आहे. म्हणजे केळीच्या बागेतून सायकल जाते तेव्हा खाली कातळ लागायला शंभर मजली इमारतीइतकं उतरावं लागेल.

हे पुस्तकातलं ज्ञान वाटत असेल तर कुठल्याही केळी उत्पादकाला विचारा. तो ‘बोअर मारला’ म्हणत नाही, ‘ट्यूबवेल केली’ म्हणतो. दोन्हींत फरक आहे. कातळात बोअर घेतला तर वरचा मातीचा भाग तेवढा पाइपने सांभाळायचा. खाली दगडाची भिंत आपली आपण उभी राहते. गाळात तसं चालत नाही. वाळू आणि चिकणमातीचे थर एकाआड एक असतात, भोक पाडलं की ढासळतात. म्हणून तळापर्यंत पाइप उतरवावा लागतो, वाळूच्या थरासमोर त्याला चाळणीसारखी भोकं ठेवावी लागतात आणि बाहेरून बारीक खडी भरावी लागते. खर्च मोठा, पण एकदा चांगला थर लागला की पाणीही भरभरून. खानदेशची केळी या पाण्यावर उभी आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या भूगोलातला महत्त्वाचा भाग जमिनीच्या शेकडो फूट खाली आहे.

सकाळच्या वेळी बागांच्या कडेने जाताना हवा एकदम गार लागते आणि बाग संपली की पुन्हा कोरडी होते. केळीची रुंद पानं आणि खालची ओली जमीन मिळून आपल्यापुरतं हवामान तयार करतात. बागाही सारख्या नसतात. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेला मृगबाग, पाऊस ओसरल्यावर लावलेला कांदेबाग, आणि कापणीनंतर जुन्या बुंध्याच्या पिलावर धरलेला पिलबाग, यांची उंची वेगवेगळी, घड यायचा काळ वेगवेगळा. मोटारीतून ही सगळी एकच हिरवी भिंत दिसते. सायकलवरून तासाभरात नजर बसते आणि कुठली बाग कधीची, हे ओळखू यायला लागतं.

घरांकडेही पाहत जावं. सिमेंटने बरीचशी गिळली असली तरी गाळाच्या पट्ट्यातल्या गावांत अजून धाब्याची घरं टिकून आहेत: पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, सागाची पाटणी आणि वर सपाट छपरावर खाऱ्या मातीचा थर. ही खारी माती भिजली की फुगून भेगा बुजवते आणि पाणी खाली उतरू देत नाही. दर पावसाळ्याआधी ती नव्याने पसरावी लागते. जिथे दगडच नाही तिथे दगडी वाड्यांची हौस करणार कोण? ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी विटा भाजल्या आणि लाकडावर नक्षी काढून घेतली.

इथे थोडं लांब जाऊन येतो. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे अ‍ॅरन नावाची तीन बेटं आहेत. त्यांतलं मोठं इनिश मोर, साधारण चौदा किलोमीटर लांब आणि तीन-चार किलोमीटर रुंद. मुख्य भूमीवरून बोटीने पाऊण तासात पोहोचता येतं, धक्क्यावर उतरलं की भाड्याच्या सायकलींची रांग उभी असते आणि दिवसभर बेट हिंडून संध्याकाळच्या बोटीने परतता येतं. सायकलवरून एका दिवसात जमीन वाचायची जगातली ही एक नावाजलेली जागा. तिथे आपल्या नेमकं उलटं आहे. बेट म्हणजे चुनखडीची उघडी फरशी. तेहतीसेक कोटी वर्षांपूर्वी उबदार समुद्राच्या तळाशी साचलेला हा दगड. हिमयुगातल्या बर्फाने वरची माती खरवडून नेली आणि मागे भेगाळलेली सपाट शिळा उरली. शेती करायची तर माती कुठून आणायची? बेटावरच्या लोकांनी ती तयार केली. दगडाच्या भेगा खडीने बुजवायच्या, वर किनाऱ्याची वाळू पसरायची, त्यावर समुद्रातलं शेवाळ पाठीवरून वाहून आणून टाकायचं आणि वर्षानुवर्षं हेच करत वीतभर माती उभी करायची. तिच्यात बटाटे लावायचे. रॉबर्ट फ्लाहर्टीच्या १९३४ च्या ‘मॅन ऑफ अ‍ॅरन’ या चित्रपटात ही माती करण्याची मेहनत दिसते. चित्रपटातली काही दृश्यं मुद्दाम घडवून आणलेली आहेत हे खरं, पण मातीचं काम खरं होतं. उचललेल्या दगडांचं काय करायचं, तर भिंती. बेटावर सायकल चालवताना दोन्ही बाजूंना चुना-मातीशिवाय रचलेल्या कोरड्या दगडी भिंतींची जाळी दिसते, आणि कड्याच्या टोकाला, समुद्रापासून शंभरेक मीटर उंचीवर, डून एंगस हा अर्धवर्तुळाकार प्राचीन कोट.

वीतभर मातीसाठी पाठ मोडणारी ती माणसं आणि तीनशे मीटर मातीवर बसून पाण्याची चिंता करणारी आपली, यांच्यात एक गोष्ट मात्र सारखी आहे. ती गोट्यांच्या पट्ट्यात कळेल.

त्याआधी अडावद. महामार्गावरचं हे मोठं गाव आज बाजार आणि केळीच्या व्यापारामुळे गजबजलेलं असतं, पण १८८० च्या सुमाराच्या खानदेश गॅझेटिअरात ते पूर्वी महत्त्वाचं असलेलं आणि उतरती कळा लागलेलं ठिकाण म्हणून येतं. लाल बाग नावाच्या पडक्या आवारातली जुनी मोठी विहीर आणि १६७८ चा शिलालेख असलेली मशीद, या गतवैभवाच्या खुणा म्हणून नोंदलेल्या आहेत. मशिदीच्या त्या काळात चोपडाही मोठी पेठ होती. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने धरणगावाबरोबर ती लुटली, ते उगाच नव्हे. मग ही गावं उतरली कशाने? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला होळकरांच्या स्वाऱ्या आणि त्यापाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ यांनी खानदेशचा मोठा भाग ओस पाडला. डोंगरालगतच्या शेतांवर जंगल परत आलं. १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल आला तेव्हा डोंगर आणि सपाटी यांच्यामधल्या सीमेवर कुणाची सत्ता चालते हाच मोठा प्रश्न होता. १८२५ मध्ये धरणगावला जेम्स औट्रमच्या हाताखाली भिल्ल पलटण उभी राहिली ती त्यासाठीच. आज अडावदहून उत्तरेला जाणारा रस्ता त्याच जुन्या सीमेवरून जातो, म्हणून हे आठवायचं.

अडावदला चहा घ्यावा. सकाळी शेवेची भाजी मिळाली तर खाऊन घ्यावी. पुढे हॉटेल नाही असं समजूनच निघावं. सायकलवर हेल्मेट घातलेला माणूस दिसला की टपरीवरचा एखादा आबा हमखास विचारतो, “कोठे चालना रे भो?” उनपदेव म्हटलं की त्याला आपण नवस फेडायला चाललो आहोत असं वाटतं. वाटू द्यावं.

आता गोट्यांचा पट्टा. पावसाळ्यात सातपुड्याच्या दरीतून नाला सुटतो तेव्हा त्याला उतार तीव्र असतो आणि ताकद असते. तो डोक्याएवढे धोंडे लोटत आणतो. डोंगराच्या पायथ्याशी उतार एकदम कमी होतो, वेग पडतो आणि ओझं टाकावं लागतं. जड आधी पडतं: पहिले धोंडे, मग गोटे, मग खडी, मग वाळू, आणि सगळ्यात बारीक गाळ सपाटीवर. प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी असा पंख्याच्या आकाराचा ढीग तयार होतो आणि शेजारशेजारचे पंखे एकमेकांत मिसळून डोंगराच्या पायथ्याशी एक सलग उतरती पट्टी होते. भूजलवाले तिला बझाडा म्हणतात. सायकलच्या मागच्या चाकाला जाणवलेला चढ तो हाच.

या पट्टीचा स्वभाव उदार आहे. गोट्यांच्या फटींतून पाणी सरळ खाली जातं. डोंगरात धो-धो वाहणारा नाला दोन-तीन किलोमीटरवर येऊन कोरडा पडलेला दिसतो. पूर आटला असं नाही. तो जमिनीखालून वाहू लागलेला असतो. तिथून तो हळूहळू दक्षिणेला सरकतो आणि गाळातल्या वाळूच्या थरांत भरतो. ट्यूबवेलमधून केळीला मिळणारं पाणी म्हणजे मुख्यतः सातपुड्यावर पडलेला, या गोट्यांतून मुरलेला पाऊस. इनिश मोरवर हेच घडतं. चुनखडीच्या भेगा पावसाचं पाणी क्षणात गिळतात, त्यामुळे पाऊस भरपूर असूनही बेटावर नाव घेण्याजोगी नदी नाही. गुरांना पाजण्यासाठी लोक उतरत्या फरशीवर पाऊस अडवून खालच्या कुंडात साठवतात. फरक असा की तिथे गिळलेलं पाणी समुद्रात जातं आणि इथे ते शेजारच्या शेतकऱ्याच्या हिशेबात जमा होतं.

गोट्यांतल्या शेताला स्वतःला मात्र पाणी धरवत नाही. सकाळी पाजलं तर दुपारी कोरडं. त्यामुळे हा पट्टा फार काळ कापूस, ज्वारी, तूर असल्या कोरडवाहू पिकांचा राहिला. ठिबक आल्यावर केळी इथेही चढली. ज्या जमिनीने पाणी मुरवून खाली पाठवायचं, तिच्यातूनच आता पाणी उपसलं जातं. चढावर दम घेत थांबलो की शेताच्या कडेच्या पाइपांचं हे जाळं निवांत पाहता येतं.

उनपदेव डोंगराच्या कुशीत आहे. गोमुखातून पाणी कुंडात पडतं. तापमान साधारण ६० अंश सांगितलं जातं. थेट धारेखाली हात धरवत नाही, खाली गार होत गेलेल्या पाण्यात अंघोळ करतात. शरभंग ऋषींच्या अंगाला व्याधी होती, वनवासात असलेल्या रामाने बाण मारून त्यांच्यासाठी हे पाणी काढलं, अशी कथा आहे. पौष महिन्यात यात्रा भरते. त्वचेच्या विकारांसाठी लोक लांबून येतात. जवळच सुनपदेव नावाचा आणखी एक झरा आहे, आणि उनपदेव याच नावाचं गरम पाण्याचं दुसरं ठिकाण पश्चिमेला शहाद्याकडे, याच सातपुड्याच्या पायथ्याला आहे. हे झरे पायथ्याच्या एकाच रेषेवर असावेत, यातच त्यांचं रहस्य आहे.

गरम पाणी म्हटलं की ज्वालामुखी आठवतो. सातपुड्याचा काळा बसाल्ट लाव्हाचाच, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला. त्याची ऊब आता शिल्लक नाही. पाणी तापतं ते पृथ्वीच्या रोजच्या उष्णतेने. जमिनीत खोल जावं तसं तापमान वाढतं, सर्वसाधारणपणे दर किलोमीटरला पंचवीस ते तीस अंश; नर्मदा-तापीच्या पट्ट्यात काही ठिकाणी त्याहून जास्त. वरचं पाणी सत्तावीसेक अंशांचं धरलं तर साठ अंश गाठायला त्याला निदान एक-सव्वा किलोमीटर खाली जाऊन यावं लागेल. वर येताना ते थोडं निवतं, म्हणजे प्रत्यक्षात आणखी खोल. इतकं खोल जायला वाट हवी, आणि वेगाने वर यायलाही. रमतगमत वर आलं तर वाटेत गारच होईल. ही वाट म्हणजे भेग. ज्या भेगेवरून दक्षिणेची जमीन खचली आणि तापीने गाळाने भरली, त्याच भेगांच्या कुटुंबातली एखादी उनपदेवला पाण्याचा जिना झाली आहे. डोंगरावर पडलेला पाऊस एका फटीने उतरतो, खाली तापतो, दाबाने दुसऱ्या फटीने वर येतो. गोमुखात आज पडणारं पाणी कुठल्या पावसाळ्याचं असेल? यंदाचं तर खचितच नाही.

या भेगा मेलेल्या नाहीत. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सहाच्या वर तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचा उगम सुमारे ४० किलोमीटर खोल होता, आणि म्हणून धक्का दूरपर्यंत जाणवला तरी वरचं नुकसान त्या मानाने बेताचं राहिलं. भूकंप म्हटला की महाराष्ट्राला कोयना आणि किल्लारी आठवतात. त्यांच्या कितीतरी आधीचा हा खानदेशच्या उशाशी झालेला भूकंप फारसा कुणाच्या लक्षात नाही.

कुंडापाशी एक गोष्ट खटकते. अंघोळीला आलेले लोक साबण आणि शाम्पूच्या पुड्या तिथेच टाकून जातात. ज्या पाण्याच्या गुणावर श्रद्धा ठेवून आलो त्यात साबण कशाला कालवायचा, हे मला तरी कळलेलं नाही.

उनपदेवच्या पुढे जंगल. सायकल हातात धरून थोडं चाललं तरी फरक दिसतो. साग, धावडा, सालई, तेंदू, पळस, मोह, आणि मधूनमधून खानदेशचं खास झाड, अंजन. दोन पाकळ्या जोडल्यासारखं त्याचं पान, बारीक फांद्या झुकलेल्या, आणि मूळ इतकं जिद्दी की कातळाच्या भेगेत घुसून जिथे मातीचा पत्ता नाही तिथेही ते उभं राहतं. उन्हाळ्यात गुरांना हिरवा पाला देणारं हे झाड आहे; लाकूड कठीण आणि जड. वस्त्या पावरा, बारेला, भिल्ल, तडवी समाजांच्या. इथे धाबं संपतं. कुडाच्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर आणि घरं एकमेकांना चिकटून न बसता आपापल्या शेतात सुटी सुटी. होळीच्या आधीच्या आठवड्यात आलात तर भोंगऱ्या बाजाराचे ढोल ऐकू येतील. एरवी सकाळी याच रस्त्याने खालच्या केळीबागांत मजुरीला जाणाऱ्यांच्या गाड्या भरून उतरतात. पाणी डोंगरातून खाली जातं तसे हातही.

आणि घुबड. दिवसाच्या सहलीत घुबड कशाला, असं वाटेल, पण हे दिवसा हिंडणारं आहे. रानपिंगळा हा वीतभर पक्षी १८७३ मध्ये अ‍ॅलन ह्यूमने शास्त्राला कळवला. पुढच्या दशकात खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने शहादा-तळोदा भागात त्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर तो कुणाला दिसलाच नाही. फक्त रिचर्ड माइनर्ट्झहेगन या लष्करी अधिकाऱ्याने दावा केला होता की १९१४ मध्ये तापीकाठच्या मांडवीला, गुजरातेत, आपण एक टिपला. त्यामुळे शोध भलत्याच जागी होत राहिले. नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने जुने नमुने तपासले आणि माइनर्ट्झहेगनची लबाडी उघड झाली: ब्रिटिश संग्रहालयातला डेव्हिडसनचाच नमुना त्याने चोरला होता, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावून स्वतःच्या नावावर खपवला होता. खोटी नोंद बाजूला काढल्यावर खऱ्या जागा उरल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, ११३ वर्षांनी, शहाद्याजवळ रासमुसेन आणि तिच्या सहकाऱ्यांना रानपिंगळा सकाळच्या उन्हात झाडाच्या शेंड्यावर बसलेला दिसला. पुढे तोरणमाळ, मेळघाट आणि आपल्या यावल अभयारण्यातही तो सापडला. २०१८ मध्ये त्याचं नाव अति-संकटग्रस्त यादीतून संकटग्रस्त यादीत आलं.

ओळखायची युक्ती अशी: गावातल्या नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं, छाती गडद, पोट पांढरं आणि शेपूट बाजूला हलवायची सवय. त्याला डोंगरमाथ्याचं दाट रान नको असतं. पायथ्याचं, सपाटीलगतचं, विरळ सागाचं रान हवं असतं, म्हणजे नांगराखाली सगळ्यात आधी जातं तेच. दिसेलच असं नाही. सकाळी आठ-नऊपर्यंत शेंडे न्याहाळत चालणं एवढंच आपल्या हातात.

परतीला सायकल पायडल न मारता धावते. सकाळी जो चढ दिसला नव्हता तो आता अडावदपर्यंत हातभार लावतो. उतरताना वाटेतल्या एखाद्या नाल्याच्या पुलावर थांबून पात्रात पाहावं. गोटे जागेवर असतील तर पावसाळ्यात तिथे पाणी मुरेल. वाळू-गोटे उपसून खड्डे केलेले असतील आणि खाली चिकण बसली असेल, तर वरून पाणी साचलेलं दिसेल, पण उतरणार नाही. यावल-रावेरच्या बाजूला ट्यूबवेलची पातळी वर्षागणिक खाली गेली. जुन्या विहिरी कोरड्या पडल्या, त्यांच्या तळातून ट्यूबवेल घेतल्या गेल्या, मग त्याही खोल कराव्या लागल्या. म्हणून तापीचं पुराचं पाणी वरच्या बाजूला अडवून, सातपुड्याच्या पायथ्याने कालवे काढून ते याच गोट्यांच्या पट्ट्यात मुरवायचं, अशी तापी महापुनर्भरण योजना अनेक वर्षं चर्चेत होती. १० मे २०२५ रोजी भोपाळला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तिच्या करारावर सह्या केल्या. सुमारे ३१ टीएमसी पाण्याचा तो प्रस्ताव आहे. कल्पना भूगोलाला धरून आहे. निसर्ग जे नाल्या-नाल्यातून करतो ते कालव्यातून करायचं. पण कालवा यायला वर्षं लागतील आणि नाले आजच तिथे आहेत. कालवा येईपर्यंत त्या नाल्यांची पात्रं उपसून संपवली, तर आलेलं पाणी मुरवायचं कुठे, हा प्रश्न करारात सुटणारा नाही. तो अडावदच्या वरच्या पुलावर उभं राहून ग्रामपंचायतीने सोडवायचा आहे.

दुपारी बाराच्या आत चोपड्याला पोहोचता येतं. पायांत दम उरला असेल तर उत्तरेला चौगावच्या किल्ल्याची वाट आहे, तीही गोट्यांतूनच. दक्षिणेला तापीकाठच्या घळी आहेत. पावसाने गाळ चिरून तिथे घरापेक्षा उंच उभ्या भिंती तयार केल्या आहेत, आणि गाळाचे थर पोटातून कसे दिसतात ते पाहायचं तर तिथेच जावं लागतं. पण त्या वाटेवर काटे जास्त आहेत. दोन ट्यूब घ्याव्यात.